घरात न मावणारा सण



उसाचं टिपरं हातात घेतलं की दोन पेरं जिथं जुळतात तिथं बोटाला गाठ लागते. संस्कृतात या सांध्याला पर्वन् म्हणतात. आपलं ‘पेर’ तिथूनच आलं आणि सणाला आपण जे पर्व म्हणतो, पर्वणी म्हणतो, तेही तिथूनच. वर्ष आपलं सरळ वाढत जातं, मध्ये एक गाठ पडते, त्या गाठीवर डोळा असतो आणि पुढचं बेणं त्या डोळ्यातून फुटतं. या शब्दाची आठवण आज होण्याचं कारण म्हणजे पाच-सात मुलखांपलीकडचा एक शब्द. व्हिएतनामी माणूस आपल्या वर्षारंभाच्या सणाला ‘तेत’ म्हणतो. ज्या चिनी शब्दावरून तो आला, तो लिहिताना डोक्यावर बांबूची खूण काढतात, कारण त्याचा मुळातला अर्थ बांबूचं पेर. संस्कृत आणि चिनी या भाषांचं एकमेकींशी काही नातं नाही. तरी दोघींनी सणाला नाव दिलं ते पेराचं. बांबू तोडणारे आणि ऊस लावणारे लोक काळाकडे कसं बघत असतील याचा अंदाज एवढ्यावरून येतो.

आज बोलायचं आहे ते मात्र तेतबद्दल कमी आणि येळवशीबद्दल जास्त. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग आणि आपल्या नांदेड जिल्ह्यातले लातूर-बीदरला लागून असलेले तालुके एका दिवसासाठी रानात जातात. पंचांगात तिला वेळा अमावस्या छापतात, तोंडी ती येळवस. किनवट-माहूरकडच्या श्रोत्यांना हा सण ऐकूनच ठाऊक असेल, म्हणून थोडं तपशिलानं बोलावं लागेल. तेत शेजारी ठेवायचा तो गंमत म्हणून नव्हे. दोन्ही सण शेतकऱ्यांचे, दोन्ही कुटुंब एकत्र आणणारे आणि दोन्ही अमावस्येला धरून येणारे. 23 डिसेंबर 2022ला येळवस झाली आणि 22 जानेवारी 2023ला तेत. 11 जानेवारी 2024ला येळवस, 10 फेब्रुवारीला तेत. 30 डिसेंबर 2024ला येळवस, 29 जानेवारी 2025ला तेत. बरोबर एका चांद्रमासाचं अंतर. एखाद्या वर्षी हे अंतर दोन महिन्यांचं होतं, कारण अधिकमास घालण्याची दोन्हीकडची रीत वेगळी आहे. एवढे जवळचे हे दोन सण एका बाबतीत मात्र अगदी उलट वागतात. तेत जगभर गेला. येळवस पुण्यापर्यंतसुद्धा गेली नाही. असं का झालं, हा माझ्या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

आधी येळवस जवळून पाहू. आदल्या दिवसापासून घरात भज्जीची तयारी सुरू होते. भज्जी म्हणजे कांदाभजी नव्हे, हे बाहेरच्या माणसाला दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं. हरभऱ्याचे, तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, गाजर, वांगं, म्हणजे त्या आठवड्यात रानात जे जे हिरवं सापडेल ते, चिंचेच्या कोळात कालवलेल्या बेसनात शिजवायचं. सोबत बाजरीचे किंवा ज्वारीचे वाफवलेले उंडे, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, गव्हाची खीर आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून शिजवलेली, लसूण-जिरं लावलेली ही आंबील मातीच्या बिंदग्यात भरून नेतात, कारण स्टीलच्या डब्यात ती दुपारपर्यंत तशी गार राहत नाही. रानात कडब्याच्या पेंढ्या तिरप्या उभ्या करून खोप केलेली असते. कुणी तिला कोप म्हणतं. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. सोबत द्रौपदी. पूजा झाली की आंबील शिंपडत शेताला फेरी, मग जेवण. बांधावरून जाणाऱ्या कुणालाही हाक मारून बसवायचं आणि त्यानं ‘नको’ म्हणायचं नाही. दिवस कलला की खोपीपुढं दूध उतू जाऊ द्यायचं आणि ते कुठल्या अंगाला सांडलं यावरून पुढच्या पावसापाण्याचा अंदाज बांधायचा. शेवटी कडब्याचा पेटता हेंडगा घेऊन शेताभोवती फिरायचं आणि अंधार पडायच्या सुमारास घरी परतायचं. या सगळ्यात पुरोहित नाही, देऊळ नाही, मुहूर्त नाही आणि बाजारातून आणलेली मूर्ती नाही.

आता नावाकडे येऊ. शेजारच्या बीदर, कलबुर्गी, विजयपूर भागात याच दिवशी हाच सण होतो आणि त्याचं कानडी नाव आहे ‘एळ्ळ अमावस्या’, म्हणजे तिळाची अमावस्या. तिथंही खोपीतली पूजा, तिथंही भज्जी, तिथंही शेताला फेरी मारत नैवेद्य शिंपडायची रीत, तिला ते चरगा म्हणतात. दुसरी एक व्युत्पत्ती लातूरकडे हमखास सांगतात. कानडीत एळू म्हणजे सात, आणि ज्येष्ठ अमावस्येपासून मोजत आलं तर मार्गशीर्षातली अमावस्या सातवी येते. हिशेब जुळतो, पण 2023सारखा अधिक श्रावण मध्ये आला की मोजणी आठावर जाते. शिवाय सात आकड्याशी या सणाचा दुसरा काहीच संबंध दिसत नाही, तीळ मात्र भाकरीवरच आहे. मला तिळाचीच बाजू खरी वाटते. मराठी कानाला ‘येळ’ हा ‘वेळ’चा गावंढळ उच्चार वाटला, कुणा शिकलेल्या माणसानं तो सुधारला आणि पंचांगात ‘वेळा अमावस्या’ उमटली. शुद्धलेखनाच्या हौसेत सणातला तीळ सांडला तो असा.

व्युत्पत्तीचा हा खटाटोप नुसत्या शब्दाच्या हौसेपोटी केलेला नाही. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके 1956पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. भाषावार प्रांतरचनेनं ते इकडे आणले, बीदर म्हैसूर राज्यात गेलं आणि पुढं 1982च्या 16 ऑगस्टला लातूर हा वेगळा जिल्हा झाला. या काळात कचेऱ्यांची भाषा बदलली, शाळेची पुस्तकं बदलली, बसगाड्यांचे रंग बदलले. येळवशीची हद्द मात्र जागची हलली नाही. ती राज्याच्या सीमेवर थांबत नाही आणि राज्यात इतरत्र पसरतही नाही. विदर्भातल्या माणसाला ती माहीत नाही, कोकणातल्या माणसाला तिचं नावही ऐकून ठाऊक नसतं. भाषेनं तिची व्याख्या होत नाही आणि जातीनंही होत नाही. तिचा नकाशा काढायचा तर तो काळ्या जमिनीवर, जिथं खरिपाची तूर अजून उभी आहे आणि रब्बीचा हरभरा घाट्याला आला आहे, अशाच पट्ट्यात काढावा लागतो. माझं म्हणणं इथून सुरू होतं. येळवस हा घराचा सण नाही, रानाचा आहे. तिचं पुढं काय होणार हे ठरेल ते रानात कोण आहे आणि काय पेरलं आहे यावर. आपण तिच्याविषयी किती अभिमान बाळगतो यावर ते अवलंबून नाही.

तेत याच्या उलट कसा, तो पाहू. त्याचा उगमही शेतातलाच. उत्तर व्हिएतनाममध्ये एक पीक घरात आलेलं असतं, वसंतातली लावणी पुढं असते, मधल्या सवडीत तेत येतो. त्याचं मुख्य पक्वान्न ‘बान्ह चुंग’. चिकट तांदूळ, मूगडाळ आणि डुकराचं मांस एका रुंद हिरव्या पानात चौकोनी बांधून दहा-बारा तास उकळतात. आख्यायिका अशी की हुंग राजानं आपल्या मुलांना सांगितलं, पितरांपुढं ठेवायला जो उत्तम नैवेद्य आणील त्याला गादी. बाकीचे राजपुत्र रानावनातून, समुद्रातून दुर्मिळ वस्तू शोधत हिंडले. लांग लिएऊ नावाच्या गरीब राजपुत्राजवळ घरच्या तांदळाशिवाय काही नव्हतं. त्यानं पृथ्वीसारखी चौकोनी आणि आभाळासारखी गोल अशा दोन पोळ्या केल्या आणि गादी त्याला मिळाली. पण पुढं शतकांच्या ओघात या सणाचा मध्य शेतातून उठून घरातल्या पितरांच्या देव्हाऱ्यापाशी आला. वर्षाच्या शेवटच्या महिन्यात तेविसाव्या दिवशी चुलीचा देव माशावर बसून वर जातो आणि घरातल्या माणसांचा वर्षभराचा अहवाल देतो. नव्या वर्षी उंबऱ्यात पहिलं पाऊल कुणाचं पडतं याला महत्त्व. पहिल्या दिवशी केर काढायचा नाही, आलेली लक्ष्मी बाहेर जाईल म्हणून. उंबरा, चूल, केरसुणी, देव्हारा हे सगळं घरातलं सामान आहे. त्यामुळं 1975 नंतर जे लाखो व्हिएतनामी होड्यांतून, छावण्यांतून अमेरिकेला, फ्रान्सला, ऑस्ट्रेलियाला गेले, ते तेत बरोबर नेऊ शकले. कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टर गावाच्या आसपास आज जो तेत होतो त्याला भाताचं खाचर लागत नाही. एक भिंत आणि तिच्यावर पितरांचे फोटो लावण्यापुरती जागा असली तरी पुरतं.

कुणी म्हणेल, तेतलाही गावाची ओढ असतेच. असते. हो ची मिन्ह शहरातले कामगार गाड्या भरभरून गावी जातात, तेतच्या आधी पितरांच्या थडग्यांची साफसफाई होते. पण जो जाऊ शकला नाही त्याचा तेत चुकत नाही, तो खोलीवर छोटा का होईना साजरा होतो. येळवशीला ही सवलत नाही. पुण्यात हडपसरला किंवा चाकणला राहणारा लातूरकर भज्जी घरी करील, समाजमाध्यमावर तिचा फोटोही टाकील, पण ‘येळवस केली’ असं तो म्हणणार नाही. ‘औंदा येळवस हुकली’ असंच म्हणेल. हा शब्दप्रयोग मला पुराव्याइतका मोलाचा वाटतो. दिवाळी माणूस जिथं असेल तिथं होते. येळवस हुकते.

याचा कडक पुरावा आपल्याच भागात 30 सप्टेंबर 1993ला घडला. किल्लारीचा भूकंप. पहाटे चारच्या आत गावंच्या गावं ढासळली, हजारो माणसं मेली आणि पुढं बावन्न गावं जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवली. घरं बदलली, गल्ल्यांच्या जागी आखीव रस्ते आले, शेजार बदलला, देवळं नव्यानं बांधली. जमिनी मात्र जुन्या गावठाणाच्या भोवती होत्या तशाच राहिल्या. घराला बांधलेल्या प्रत्येक सणाला तिथं नवा पत्ता शोधावा लागला. येळवशीला शोधावा लागला नाही, कारण ती ज्या पत्त्यावर होत आली होती तो सातबाऱ्यावरचा गट नंबर भूकंपानं हलवलेला नव्हता. दिवाळी-गणपतीची वाट नव्या वसाहतीत गेली, येळवशीची वाट जुन्या शिवाराकडेच राहिली.

इथं पहिला आक्षेप येतो. अमावस्या, उतू जाणारं दूध, पांडवांचे दगड, ही अंधश्रद्धाच नाही का? अमावस्येचं आधी सांगतो. शहरी मराठी मनात अमावस्या म्हणजे लिंबू-मिरची. शेतकऱ्याच्या वर्षात मात्र पोळा अमावस्येला, लक्ष्मीपूजन अमावस्येला, दिव्यांची अवस अमावस्येला. जुन्या रिवाजात अमावस्येला औत धरत नसत. बैलाला आणि गड्याला महिन्यातून एक हक्काची सुट्टी, तीही धर्माच्या शिक्क्यानं, म्हणजे मालकाला मोडता येऊ नये. रविवार ब्रिटिशांबरोबर आला, पण शेताची साप्ताहिक नसली तरी मासिक सुट्टी त्याच्या पुष्कळ आधीची. दूध कुठं सांडलं यावरून पाऊस कळत नाही हे दूध उतू घालणारी बाईही जाणते. गेल्या वर्षी पूर्वेला सांडलं होतं आणि पाऊस पडला नव्हता, हे तिला पाठ असतं. याला विज्ञानाचा टेकू देण्याची आपल्याकडे नवी खोड लागली आहे. आंबील पोटातल्या उपकारक जीवाणूंसाठी चांगली, हेंडग्याच्या धुरानं कीड मरते, वगैरे. असेलही. पण असं प्रमाणपत्र मिळालं नसतं तर आंबील प्यायची नव्हती की काय? सणाचं समर्थन सणाच्या अर्थानं करावं, प्रयोगशाळेच्या उसन्या अधिकारानं करू नये.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. अमावस्येचं काही नसेल तर जवळचा रविवार का धरू नये? नोकरदारांना सोयीचं, मुलांची शाळा बुडत नाही. व्हिएतनाममध्ये अगदी हाच वाद झाला. व्हो तोंग झुआन या नामांकित कृषिशास्त्रज्ञानं सुचवलं की तेत इंग्रजी नववर्षाशी जोडून टाकावा. जग कामाला लागलेलं असतं तेव्हा आपण सुट्टीवर असतो, यात व्यापाराचं नुकसान आहे. जपाननं 1873पासून नववर्ष 1 जानेवारीला नेलंच की. वर्षानुवर्षं चर्चा झाली, लोकांनी ऐकलं नाही, आणि तिथला कामगार कायदा आजही तेतसाठी पाच दिवसांची पगारी सुट्टी देतो. रविवारच्या सूचनेला माझं उत्तर तिथीच्या पावित्र्याचं नाही. ते शेजाराचं आहे. येळवशीचा गाभा म्हणजे बांधावरची हाक. ती मारायची तर त्याच दिवशी, त्याच दुपारी पलीकडच्या रानातही कुणी असावं लागतं. प्रत्येक कुटुंब आपल्या सोयीच्या रविवारी गेलं तर प्रत्येकाच्या खोपीत फक्त त्याचीच माणसं असतील. त्याला सहल म्हणतात. तारीख कुठली याला महत्त्व कमी, ती सगळ्यांची एक असण्याला महत्त्व जास्त. दर वर्षी लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना आपल्या हातातल्या मोजक्या स्थानिक सुट्ट्यांपैकी एक या दिवसावर खर्च करावी लागते आणि वर्तमानपत्रं त्याच त्या ‘अघोषित संचारबंदी’च्या मथळ्याखाली ओस पडलेल्या गंजगोलाई बाजारपेठेचे फोटो छापतात, यातली खरी गोष्ट हीच आहे. एका जिल्ह्यानं एकाच वेळी एका दिशेला चालत जायचं.

तिसऱ्या आक्षेपापुढं मात्र एवढ्या सहज सुटका नाही. ज्याला रान आहे त्याचा हा सण. ज्याला नाही त्याचं काय? त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहिला तेव्हा कुणब्याच्या खळ्यावर हक्क सांगणाऱ्या बलुत्या-अलुत्यांची रांग त्यांनी बारकाईनं नोंदवली. रानात सगळे येत, पण सगळे एकाच नात्यानं येत नसत. सालगडी त्या दिवशी जेवला, खोप त्यानंच उभी केली आणि रात्री हेंडगाही त्यानंच फिरवला, तरी बांध त्याचा नव्हता. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948ला संविधान सभेत खेड्याबद्दलच्या गोड कल्पनांना जो सुरुंग लावला, तो येळवशीच्या गोडव्यालाही लागू आहे. 1959 आणि 1964 साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जे सत्याग्रह केले, त्यातली मागणी पंगतीत बसवून घ्या अशी नव्हती, पडीक जमीन कसायला द्या अशी होती. जेवायला बोलावणं आणि वाटा देणं यांतला फरक भज्जीनं पुसला जात नाही, आणि तो पुसला गेला असं म्हणणाऱ्याच्या बाजूला मी नाही. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. खोपीत पूजा कुणाची होते? इंद्राची नाही, बळीराजाचीही नाही. ज्यांचं राज्य फाशांवर गेलं, जे बारा वर्षं रानात राहिले आणि तेरावं वर्ष दुसऱ्याच्या घरी चाकरी करून काढलं, अशा पाच भावांची आणि त्यांच्या बायकोची होते. जमीनवाल्यांच्या सणात देव म्हणून बसलेत ते भूमिहीन. हे कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण सणानं स्वतःच्या विरोधातला पुरावा स्वतःच्या मखरात ठेवला आहे, आणि येळवशीला सामाजिक न्यायाच्या बाजूनं वाचायचं तर वाट तिथून निघते.

बायकांचा प्रश्न याला चिकटूनच येतो. कुटुंबाचा सण म्हटलं की कुटुंबातल्या एकीला रात्रभर जागावं लागतं, ते व्हिएतनाममध्येही आणि इथंही. दाणे सोलणं, उंडे थापणं, चूल, पातेली, मग डोक्यावर पाटी आणि हातात बिंदगं घेऊन पायवाट. शेतावर सगळ्यांना वाढून झाल्यावर ती जेवते. खुरपणी, वेचणी, मळणी वर्षभर तीच करते आणि सातबाऱ्यावर नाव मात्र दुसऱ्याचं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करावा अशी मागणी होती. राज्यानं 1994 साली आणि केंद्रानं 2005 साली वारसा कायद्यात मुलींना मुलग्यांइतका हक्क दिला. येळवशीत सहावा दगड द्रौपदीचा मांडतात, तसं फेरफार नोंदीत सहावं नाव चढतं का, हे विचारायला येळवस हाच दिवस योग्य. सगळे भाऊ, सगळ्या बहिणी त्या दिवशी वादाच्याच जमिनीवर बसलेल्या असतात, तलाठ्याकडे जायचीसुद्धा गरज नाही.

आता पिकाकडे वळतो, कारण माझ्या म्हणण्याचा जो मुख्य आधार तो इथं आहे. भज्जीचं पातेलं म्हणजे त्या वर्षाचा पीकपेरा. तलाठ्यानं लिहिलेला नव्हे, बाईनं शिजवलेला. पूर्वी त्यातला दाणा अन् दाणा घरच्या रानातला असे, कारण एका रानात ज्वारी, तूर, मूग, तीळ, करडई, जवस, वाल असं सगळंच थोडंथोडं असे. गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीननं मराठवाड्याचं खरीप व्यापलं. लातूर आज सोयाबीनच्या देशातल्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक आहे. मी इथं सोयाबीनला शिव्या घालायला उभा नाही. रोख पैसा देणारं पीक शेतकऱ्यानं का घेऊ नये, हे सांगायचा अधिकार भाकरी विकत घेणाऱ्याला नाही. शिवाय खरं ते सांगायला हवं. सोयाबीन निघाल्यावर त्याच रानात हरभरा येतो आणि तुरीची ओळही बहुतेक ठिकाणी मधून असतेच, त्यामुळं भज्जीतला हरभरा अन् तूर अजून पुष्कळांची घरची आहे. गेलं ते वेगळं. खरिपाची ज्वारी आटली, तिच्याबरोबर उंड्याचं पीठ आणि खोपीचा कडबा गेला. तीळ गेला, म्हणजे कानडी नावाप्रमाणे जिची अमावस्या, तीच वस्तू दुकानातून पुडीत येऊ लागली. जिथं कडबा नाही तिथं खोपीवर शेडनेट नाहीतर ताडपत्री चढते. ऊसवाल्याच्या रानात तर त्या महिन्यात आत शिरायलाच जागा नसते, खोप बांधावर येते. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, सरकारी मंडपांत ज्वारीची बिस्किटं वाटली गेली. पण ज्वारीच्या भावाचं आणि काढणीच्या मजुरीचं गणित जुळल्याशिवाय येळवशीत घरचा उंडा परत येणार नाही, कितीही बिस्किटं वाटा. आणि पाण्याचं? एप्रिल 2016मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तसल्या वर्षात रब्बीच उगवत नाही, मग भज्जीत घालायला हिरवं कुठून आणणार? तेतचं पक्वान्न बाजारातून तयार आणलं तरी देव्हाऱ्यावर चालतं, हल्ली हनोईत पुष्कळ घरी तेच चालतं. येळवशीला ते चालवून घेता येतं, पण मग ती कसली आठवण आहे ते कळेनासं होतं.

राहता राहिला परतीचा प्रश्न. तेतच्या आठवड्यात व्हिएतनाममधले कारखाने थांबतात, मजूर गावी जातो. आपल्याकडे येळवस आणि साखरेचा गळीत हंगाम एकाच महिन्यात येतात. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली, कोरडवाहू दोन-तीन एकरांची धनी असलेली जी कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन निघतात, ती मार्गशीर्षात सांगली-कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकाच्या फडात असतात. त्यांचं रान इथं आहे, हरभरा इथं आहे, म्हातारी माणसं इथं आहेत, आणि येळवस हुकते ती त्यांची. शहरातल्या नोकरदाराची हुकते तेव्हा त्याला हळहळ वाटते. यांची दर वर्षी हुकते आणि ती कुणी मोजत नाही. तेही फडाच्या कडेला खोप करून राहतात, उसाच्या पाचटाची, पण त्या खोपीत पांडव बसत नाहीत. जमिनीशी बांधलेल्या सणाची सर्वांत मोठी गळती जमीन विकलेल्यांत नाही, जमीन असून तिच्यावर हिवाळा काढता न येणाऱ्यांत आहे. म्हणून येळवस टिकवायची असं म्हणणाऱ्यांनी लोककला महोत्सवाचं अनुदान मागण्याआधी कोरडवाहू रब्बीला एक संरक्षित पाणी आणि उचलीशिवाय हिवाळा काढता येईल एवढी मजुरी गावातच मिळण्याची सोय मागावी.

कारखाना एक दिवस बंद ठेवता येत नाही, हा आक्षेप मला अपेक्षित आहे. हंगामात गाळप मध्येच थांबवणं खर्चाचं असतं, तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा घटतो, हे खरं. पण यंत्रं साफ करण्यासाठी कारखाने हंगामात मधूनमधून काही तास बंद ठेवावेच लागतात, आणि ते बंद केव्हा ठेवायचे हे ठरवता येतं. लातूर-नांदेडच्या कारखान्यांना तो बंद मार्गशीर्ष अमावस्येला धरता येईल, तोडणीचा कार्यक्रम दोन दिवस आधीपासून त्या हिशेबानं आखता येईल. दूरच्या फडातल्या मजुराला याचा उपयोग नाही, पण जवळच्या फडावर असलेल्याला एक रात्र आणि एक दिवस मिळेल. जिल्हाधिकाऱ्यांचा स्थानिक सुट्टीचा आदेश दर वर्षी निघतो, तो शासकीय कार्यालयांना आणि शाळांना लागू असतो. साखर कारखान्यांचा त्यात उल्लेख नसतो. पुढच्या वर्षीचा आदेश निघायला अजून वेळ आहे, आणि या सभागृहात त्या कारखान्यांचे सभासद बरेच बसलेले आहेत.